हालू नको

वडगावात आमच्या गल्लीची सकाळ मागानं होते.
यल्लाप्पाण्णांनी खटका दाबला
की मधल्या भिंतीला धडधड फुटते,
फडताळातली ताटं एकमेकींना लागतात
आणि ही झोपते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, शांत खोलीत ठेवा.
शांत खोली असती तर ठेवली असती.
नऊ महिने आतून हिनं हेच ऐकलंय:
खटक्-फटक्, खटक्-फटक्,
धागा तुटला की थांबणं,
थांबल्यावर यल्लाप्पाण्णांची एक शिवी,
पुन्हा खटक्-फटक्.

डावीकडे बारा मिनिटं, उजवीकडे सात.
मागच्या वेळी कुठून सुरू केलं होतं
ते पहाटे चारला कुणाला आठवतं?
म्हणून केसांचा रबर काढून
या मनगटातून त्या मनगटात घालते.
सासूबाई म्हणतात, ओली बाळंतीण तू,
केस मोकळे सोडून काय बसूलालीस?
मी रबर दाखवते.
त्यांना वाटतं, झोप नसल्यानं डोकं फिरलंय हिचं.
फिरलंयही थोडं.
काल अळिवाची खीर मी फ्रिजऐवजी
कपड्यांच्या कपाटात ठेवली.

सिव्हिलच्या कार्डावर हिला अजून नाव नाही.
बेबी ऑफ वैजयंता, कन्नडमध्ये.
मी गडहिंग्लजची. बोट ठेवून ठेवून वाचते,
माझंच नाव मला उशिरा लागतं.
तीन वर्षांत एवढंच जमलं:
एष्टु, बेकु, साकु.
किती, हवं, पुरे.
हिला त्यातलं बेकु तेवढं येतं.

निंगव्वा दारातूनच विचारतात,
हालु कुडीतेनवा?
हालु म्हणजे दूध, हे मला ठाऊक होतं,
तरी पहिल्या दिवशी मी घाबरून जागीच थिजले,
वाटलं, हालू नको म्हणतायत.
नाहीतरी तेच तर करत होते.
डोळा लागता लागता ही तोंडात धरून ठेवते,
सोडवायला गेलं की जागी.
मांडी बधिर, चहावर साय,
लघवीला जायचंय केव्हाचं,
आणि माशी नेमकी माझ्या नाकावर.

कूसु मक्कोंतेनवा?
हेही त्याच विचारतात, जरा हळू आवाजात.
त्यांचं कूसु म्हणजे बाळ.
माझी कूस म्हणजे जिथून ते आलं ती,
आणि टाके दुखतात म्हणून
रात्रभर बदलता येत नाही तीही.
हे त्यांना सांगावं म्हटलं,
पण तेवढं कन्नड कुठून आणू?
झोपली, असं हातानं दाखवलं.

परवा दुपारी तीनला लाइट गेली.
माग थांबला. सगळ्या गल्लीतले थांबले.
अशी शांतता पडली
की कुणाच्या तरी नळाचा थेंब ऐकू आला.
हिनं डोळे उघडले,
इकडे बघितलं, तिकडे बघितलं,
आणि ओठ काढला खाली.
घेतलं तर पिईना. थोपटलं तर आखडली.
अंगाई म्हटली, तर ती मलाच परकी वाटली.

शेवटी जिभेनं माग चालवला.
खटक्-फटक्, खटक्-फटक्,
टाळूला जीभ लावून, मांडीवर बोटं वाजवत.
मध्ये थांबून यल्लाप्पाण्णांची शिवीही घातली,
तिचा अर्थ मला अजून माहीत नाही.
भिंतीपलीकडून निंगव्वा खो खो हसल्या.
मग त्यांनी पण सुरू केलं,
पलीकडून फटक्, अलीकडून खटक्,
माझी जीभ दमली की त्यांची.
असं किती वेळ चाललं कोण जाणे.

मूठ सैल झाली. तिच्यात
माझ्या गाउनचं एक सुटं सूत निघालं,
ओलं, दुधाचा वास येणारं.

लाइट आली तेव्हा यल्लाप्पाण्णांनी माग लावला नाही लगेच.
निंगव्वांनीच अडवलं असणार.
मी भिंतीला डोकं टेकून बसलेली,
रबर कुठल्या मनगटात आहे ते बघायचं होतं,
पण त्यासाठी हात हलवावा लागला असता.